मार्सेलिसला जावे, पण जुन्या बंदरावर थांबू नये

युरोपची सहल ही आता पुण्या-मुंबईच्या मूठभर सधन कुटुंबांची मिरास राहिलेली नाही. बुलढाणा जिल्ह्यात चिखली-खामगाव मार्गावर अमडापूर हे गाव आहे. अशा गावांतून शिकून बाहेर पडलेली, पुण्यात वा बंगळुरूत स्थिरावलेली मुले आज निवृत्त आईवडिलांना विमानात बसवून पॅरिस, रोम आणि स्वित्झर्लंडचे बर्फ दाखवून आणतात. ज्या पिढीने आयुष्यभर एस.टी.च्या प्रवासाला सहल मानले, तिच्या वाट्याला हे सुख येत असेल तर त्याचे कौतुकच व्हावयास हवे. मात्र सहल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत एक नाव बहुधा नसते. ते नाव मार्सेलिसचे. तेथील लोक त्याला मार्सेय म्हणतात. मराठी माणसाच्या कानांवर मात्र ते मार्सेलिस म्हणूनच पडलेले आहे आणि तेही ८ जुलै १९१० या तारखेला जोडूनच.

ज्यांना ही जोडणी ठाऊक असते, ते कुटुंबीय मुद्दाम एक दिवस राखून ठेवतात. पॅरिसहून वेगवान रेल्वेने सुमारे सव्वातीन तासांत मार्सेलिस गाठता येते. स्थानकाबाहेर पडून ही मंडळी 'जुने बंदर' विचारतात. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे ते सुरेख बंदर, त्यात डोलणाऱ्या शिडाच्या होड्या, सकाळचा मासळीबाजार, समोरच्या टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द या चर्चचा उंच मनोरा, असे सारे दृश्य मन प्रसन्न करणारे आहे. तेथे पाण्याकडे पाठ करून छायाचित्र काढले जाते, नातवंडांना सांगितले जाते की स्वातंत्र्यवीरांनी उडी मारली ती येथेच, आणि मंडळी कृतार्थ मनाने परत फिरतात. भावना शंभर नंबरी असते. स्थळ मात्र चुकलेले असते.

चूक दुहेरी आहे. एक तर सावरकरांना घेऊन आलेली 'मोरिया' ही पी अँड ओ कंपनीची दहा हजार टनांहून मोठी आगबोट होती. एवढ्या आगबोटी त्या काळी जुन्या बंदरात येत नसत. आगबोटींच्या युगासाठी मार्सेलिसने उत्तरेकडे, उघड्या समुद्राच्या बाजूस, लांबच लांब बांध घालून नवी गोदी उभारली होती. तिचा पहिला भाग, ज्याला ला जोलिएत म्हणतात, १८५३ मध्ये तयार झाला आणि पुढे ही गोद्यांची रांग उत्तरेस वाढत गेली. सावरकरांच्या पलायनाचे स्थळ शोधायचे ते त्या रांगेत, शिडाच्या होड्यांच्या बंदरात नव्हे. दुसरे असे की, जुन्या बंदराच्या उत्तर काठावर आज प्रवाशाला जे दिसते, त्यातील फारच थोडे १९१० सालचे आहे. तेथील वस्ती एका महिन्यात भुईसपाट करण्यात आली आणि मग ती नव्याने बांधली गेली. ही हकीकत ठाऊक नसलेला प्रवासी एका जखमेवर उभा राहून छायाचित्र काढतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजा मार्सेलिसमध्ये शिरल्या. जुन्या बंदराच्या उत्तरेस अरुंद गल्ल्यांची, दाटीवाटीची, खलाशी, कोळी, गोदी कामगार आणि स्थलांतरितांची वस्ती होती. क्रांतिकारकांना आणि फरारी लोकांना तेथे आसरा मिळे. जानेवारी १९४३ च्या आरंभी शहरात जर्मनांवर बॉम्बहल्ले झाले आणि ही वस्तीच नष्ट करण्याचा हुकूम बर्लिनहून सुटला. २२ जानेवारीपासून शहरभर धरपकड झाली. २४ जानेवारीला सुमारे २०,००० रहिवाशांना, हातात मावेल तेवढे सामान घेऊन, घराबाहेर काढण्यात आले. १,६०० हून अधिक लोकांची रवानगी छळछावण्यांच्या वाटेवर झाली. त्यांतील सुमारे ८०० ज्यूंना पोलंडमधील सोबिबोर येथे धाडण्यात आले. मग १ फेब्रुवारीपासून सुरुंग लावून सुमारे १,५०० इमारती, १४ हेक्टरांचा सलग भाग, उडवून देण्यात आला. घरे रिकामी करण्याच्या कामी जर्मनांच्या जोडीला फ्रेंच पोलीस होते, व्हिशी सरकारच्या पोलीसदलाचा प्रमुख रने बूस्के होता. आपल्याच शहरातील माणसे आपल्याच पोलिसांनी शत्रूच्या हवाली केली, हे सत्य फ्रान्सला पचविण्यास पन्नास वर्षे लागली. ज्यूंच्या हद्दपारीत फ्रेंच राज्ययंत्रणेचा हात होता, अशी स्पष्ट कबुली राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी १९९५ मध्ये दिली. तोवर सारा दोष जर्मनांचा मानण्याची सोय होती.

मग पुनर्बांधणी आली. एका इमारतीची गोष्ट तर विदर्भाच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला विशेष वाटावी. ओतेल द काब्र ही १५३५ च्या सुमाराची दगडी हवेली त्या विध्वंसातून वाचली होती. नवे रस्ते आखले तेव्हा ती आडवी येऊ लागली. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सांगावयास नको. मार्सेलिसच्या अभियंत्यांनी १९५४ मध्ये ती अख्खी हवेली उचलून ९० अंशांत फिरविली आणि नव्या रस्त्याच्या रेषेत बसविली. आज तिच्यावरील पाटी जुन्या रस्त्याचे नाव सांगते, हवेली मात्र नव्या रस्त्याला तोंड करून उभी आहे. नगरपालिकेची सतराव्या शतकातील इमारतही वाचली. तिच्या दोन्ही अंगांना फेर्नां पुइयाँ आदी वास्तुविशारदांनी पिवळसर दगडाच्या सरळ, भक्कम इमारती उभारल्या, कोणताही जुनेपणाचा आव न आणता.

ढिगारे उपसताना आणखी एक गोष्ट झाली. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० मध्ये ग्रीक व्यापाऱ्यांनी वसविलेल्या या शहराच्या पोटात काय दडले आहे ते १९४७ मध्ये बाहेर आले. रोमन काळातील बंदराचे कोठार, त्यात जमिनीत पुरलेल्या, माणूस मावेल एवढ्या मोठ्या रांजणांसह, सापडले. ते उचलून राजधानीच्या संग्रहालयात नेले गेले नाही. त्याच जागी वर राहती इमारत झाली आणि तिच्या तळमजल्यावर ते रांजण जागच्या जागी ठेवून १९६३ मध्ये संग्रहालय उघडले गेले. वरच्या मजल्यावर लोकांचे संसार आहेत, खाली दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर.

युद्धाने उद्ध्वस्त केलेली फ्रान्सची बंदरे सगळीच अशी उठली नाहीत. सेंट मालोने तटाच्या आतील शहर जुन्या धाटणीने, दगडाला दगड जुळवीत उभे केले. पाहणाऱ्याला वाटावे येथे काही घडलेच नाही. ल हाव्र हे बंदर सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश बॉम्बवर्षावात, म्हणजे मित्रांच्याच हातून, बेचिराख झाले. ऑगुस्त पेरे यांनी तेथे काँक्रीटचे संपूर्ण नवे नगर रचले. त्याला कित्येक वर्षे रुक्ष म्हणून नाके मुरडली गेली आणि २००५ मध्ये तेच नगर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मार्सेलिसचा मार्ग या दोहोंच्या मधला. शहराच्या दक्षिण भागात ल कॉर्बुझिए यांनी १९५२ मध्ये पूर्ण केलेली गृहसंकुलाची प्रचंड इमारतही याच पुनर्बांधणीच्या काळातली. हेच कॉर्बुझिए त्यानंतर फाळणीने राजधानी गमावलेल्या पंजाबसाठी चंदीगड रचीत होते, हे जाता जाता.

आता ला जोलिएतकडे वळावे. जुन्या बंदरापासून चालत वीस मिनिटे, अन्यथा मेट्रोने जावे. हा भागही ओसाड पडत गेला होता. १९९५ पासून शासनाने हाती घेतलेल्या नगरविकास प्रकल्पात त्याचे रूप पालटले. १८६० च्या सुमाराची, ३६५ मीटर लांबीची गोदामांची अजस्र इमारत पाडली नाही. आत कचेऱ्या आणि दुकाने आणली. 'मोरिया' या बंदरात आली तेव्हा ही इमारत येथे होती. ज्या मराठी प्रवाशाला १९१० सालचे मार्सेलिस डोळ्यांनी पाहावयाचे आहे, त्याने या भिंतीसमोर उभे राहावे.

८ जुलैच्या त्या सकाळी काय घडले? १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर पकडलेल्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला खटल्यासाठी मुंबईस नेले जात होते. ७ जुलैच्या संध्याकाळी बोट मार्सेलिसला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचालयाच्या वाटोळ्या खिडकीतून अंग चोरून सावरकर पाण्यात उतरले, पोहत धक्क्यावर चढले आणि धावत सुटले. बोटीवरील पहारेकरी आरडाओरडा करीत मागे लागले. एका फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना पकडले आणि त्या पहारेकऱ्यांच्या मदतीने पुन्हा बोटीवर पोहोचविले. फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकल्यावर आपण ब्रिटिश कायद्याच्या बाहेर आलो, फ्रेंच अधिकाऱ्यासमोर आपल्याला नेलेच पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. तो कायद्याच्या अभ्यासकाचा हिशेब होता, साहसवीराचा केवळ धाडसी खेळ नव्हता. पॅरिसहून निघालेल्या मादाम कामा आणि अय्यर यांना पोहोचण्यास थोडा उशीर झाला, असे चरित्रकार सांगतात. ९ जुलैला बोटीने बंदर सोडले.

बौद्धिकांतून, शालेय भाषणांतून आणि भिंतीवरच्या चित्रांतून ही उडी जशी सांगितली जाते, तिच्यात खवळलेला सागर असतो, गोळ्यांचा वर्षाव असतो आणि अंतर दरवर्षी थोडे वाढत जाते. धक्क्याला लागलेल्या वा त्याच्या निकट उभ्या असलेल्या बोटीपासून धक्का मैलभर दूर नसतो, हे कोणत्याही गोदीत जाऊन पाहणाऱ्यास कळते. पोहण्याचे अंतर थोडेच होते. विरोधक नेमके या अतिशयोक्तीला चिमटीत धरतात आणि मग संपूर्ण प्रसंगच भाकडकथा ठरवून मोकळे होतात. श्रद्धावंतांनी फुगविलेला प्रत्येक फर्लांग टीकाकाराच्या हाती दिलेले आयते शस्त्र ठरतो. सावरकरांना याची गरज नाही. जे प्रत्यक्ष घडले, त्याची नोंद कुणा भक्ताने नव्हे, तर हेगच्या आंतरराष्ट्रीय लवाद न्यायालयाने करून ठेवलेली आहे.

या उडीचा खरा पल्ला तो. फ्रेंच भूमीवर पकडलेल्या राजकीय बंद्याला परत सोपविणे हा आश्रयाच्या हक्काचा भंग आहे, अशी हाकाटी फ्रान्समध्ये उठली. 'ल्युमानिते' या समाजवादी पत्राने आणि जाँ लोंगे यांनी हा विषय लावून धरला. लोंगे हे कार्ल मार्क्सचे नातू. मार्क्सचा नातू सावरकरांसाठी झगडला, ही माहिती आपल्याकडील मार्क्सवाद्यांना रुचत नाही. आणि खरे सांगायचे तर राष्ट्रवादी व्यासपीठांवरूनही ती क्वचितच कृतज्ञतेने उच्चारली जाते. फ्रेंच सरकारने सावरकरांना परत मागितले. ब्रिटनने नकार दिला. ऑक्टोबर १९१० मध्ये दोन्ही साम्राज्यांनी हा वाद हेगला नेण्याचे ठरविले. बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट यांच्या अध्यक्षतेखाली पाच पंच बसले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल आला. अटक करून सोपविण्याच्या पद्धतीत अनियमितता झाली, हे पंचांनी मान्य केले. पकडलेला कोण आहे याची त्या पोलिसाला कल्पना नसेलही, हेही मान्य केले. परंतु या कामी फसवणूक वा बळाचा वापर झालेला नाही, बंदोबस्तासाठी ब्रिटिश व फ्रेंच पोलिसांत आधीच पत्रव्यवहार झालेला होता, आणि अशा चुकीमुळे बंदी परत करण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही, असे सांगून त्यांनी फ्रान्सची मागणी फेटाळली. चूक झाली, पण ती दुरुस्त करण्याची कुणाची जबाबदारी नाही, असा हा न्याय! त्यापूर्वीच मुंबईत २३ डिसेंबर १९१० आणि ३० जानेवारी १९११ रोजी मिळून पन्नास वर्षांच्या काळ्या पाण्याच्या दोन शिक्षा ठोठावून झाल्या होत्या. लवादाचा हा निवाडा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमांत आजही 'सावरकर प्रकरण' या नावाने शिकविला जातो. भगूरच्या एका तरुणाचे नाव ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यामधील कज्जाला पडले, एवढे पुरेसे आहे.

मार्सेलिसमध्ये स्मारक व्हावे ही मागणी जुनी आहे. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी तेथे भारताच्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन केले. शहरात उतरताच पंतप्रधानांनी सावरकरांच्या पलायनाचे स्मरण केले आणि त्या वेळी त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मार्सेलिसवासीयांचे आभारही मानले. दोन्ही नेते मझार्ग येथील युद्धस्मशानभूमीतही गेले. सप्टेंबर १९१४ मध्ये याच बंदरात भारतीय सैन्याच्या पहिल्या तुकड्या उतरल्या होत्या. त्यांत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या, ज्यांनी त्याच ऑक्टोबरात नव शापेलच्या रणात भीषण हानी सोसली. मार्सेलिसमध्ये ज्यांचे दहन झाले अशा दोनशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे मझार्गच्या स्तंभावर आहेत. सहलीच्या दिवसात तेथे तासभर काढणे अवघड नाही.

तेव्हा स्मारकाची वेळ आता आली आहे. ती आणण्यासाठी दूतावासही शहरात आहे. प्रश्न ते कसे असावे हा आहे. जुन्या बंदरावर, पर्यटकांच्या वर्दळीत, दंड थोपटून उभा असलेला पुतळा उभारण्याचा मोह होईल. तो टाळावा. ते ला जोलिएतच्या बाजूस असावे. त्यावर फ्रेंच, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत घटनाक्रम असावा, हेगच्या निवाड्याचा सारांश असावा, लोंगे यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे नाव असावे. फ्रेंच माणसाला त्यातून स्वतःच्या इतिहासातील एक लाजिरवाणी आणि एक अभिमानाची अशा दोन्ही गोष्टी कळाव्यात. सेंट जाँ किल्ल्याच्या पायथ्याशी, जर्मनांनीच बांधलेल्या काँक्रीटच्या खंदकघरात, मार्सेलिसने हद्दपारीचे स्मारक केले आहे. तेथे भव्य काहीही नाही. नावे आहेत, छायाचित्रे आहेत, कागद आहेत, आणि माणूस तेथून बाहेर पडतो तो गप्प होऊन.

हा आग्रह परदेशी धरावयाचा तर घरचा हिशेबही तपासावा लागेल. मार्सेलिसप्रमाणेच मुंबईचे बंदरही महायुद्धात उद्ध्वस्त झाले होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ही दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटांनी भरलेली बोट स्फोटाने उडाली. शेकडो माणसे मेली, मांडवीच्या परिसरात आगीचे थैमान माजले, आग विझविताना ६६ अग्निशामक जवान कामी आले. सोन्याच्या विटा तीन दशकांनंतरही गाळातून निघत होत्या. गोदी काही महिन्यांत पुन्हा उभी राहिली. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यामुळेच. परंतु मुंबई पाहावयास आलेल्या किती कुटुंबांना ही जागा कुणी दाखविली? गेटवेवरून होडी पकडून घारापुरीला जाणारा प्रवासी उत्तरेकडे नजर टाकतो तेव्हा त्याच गोद्यांचा परिसर त्याला दिसत असतो.

अमडापूरच्या वाचकाला याहूनही जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात सापडेल. सिंदखेडराजा येथे लखुजीराजे जाधवांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना २०२४ च्या उन्हाळ्यात पुरातत्त्व विभागाला जमिनीखाली मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची अत्यंत देखणी मूर्ती सापडली. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटणारा जनसागर पाहिला म्हणजे या भूमीवरील श्रद्धेबद्दल शंका उरत नाही. पण वर्षातील उरलेल्या ३६४ दिवशी तेथे जाणाऱ्या मुलाला राजवाड्याचा कोणता भाग मूळचा, कोणता दुरुस्तीचा, खाली काय सापडले आणि ते कोणत्या काळातले, हे सांगणारी नीटनेटकी व्यवस्था हवी. मार्सेलिसचे रांजण जागचे हलले नाहीत. सिंदखेडराजाला येणाऱ्या मुलालाही सापडलेली वस्तू तिच्या भूमीत, तिच्या संदर्भासह पाहता यावी, असा आग्रह जिल्ह्यातील सुजाणांनी शासनाकडे धरावयास हवा. त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. ग्रामसभेचा ठराव, पालकमंत्र्यांना निवेदन आणि पाठपुरावा एवढे पुरते. पाठपुराव्याचाच आपल्याला कंटाळा असतो.

पुन्हा मार्सेलिसच्या प्रवाशाविषयी, काही व्यवहाराच्या गोष्टी. ला जोलिएतच्या धक्क्यावर प्रत्यक्ष उतरता येत नाही. गोदीला कुंपण आहे, आत प्रवेशपत्रावाचून सोडत नाहीत, आणि पहारेकऱ्यापाशी सावरकरांचे नाव घेऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ला माजोर या पट्टेदार दगडांच्या भव्य कॅथेड्रलसमोरील मोकळ्या चौथऱ्यावर जावे. तेथून गोदी, तिच्यापुढचा लांब बांध आणि त्यापलीकडचा समुद्र एका नजरेत येतो. सकाळची वेळ साधली तर ऊन पाठीशी असते. जाण्यापूर्वी मुलांना हेगच्या निवाड्याचा मजकूर वाचावयास लावावा. तो लहान आहे, अवघ्या काही पानांचा, आणि सहज उपलब्ध आहे. संध्याकाळी या धक्क्यांवरून कॉर्सिकाला आणि अल्जीरियाला जाणाऱ्या मोठ्या पांढऱ्या प्रवासी बोटी सुटतात.